आधी अल्टरनेटर, मग आवाज

(विभागीय अभ्यासवर्गात ट्रेन लायटिंग विभागातील कामगारांनी मिळून तयार केलेल्या आणि त्यांच्यापैकी एकाने वाचून दाखवलेल्या भाषणाचा मजकूर.)



कालचा दिवस वेतन, पेन्शन आणि रिकाम्या जागा या प्रश्नांत गेला. आजचा हा एक तास कार्यकारिणीने आम्हाला दिला आहे तो मोटारगाडीत मोठा स्टिरिओ बसवण्याबद्दल बोलण्यासाठी. पाठीमागे बसलेले काही मित्र एकमेकांकडे बघून हसत आहेत. हसू द्या. परंतु ज्या घटनेमुळे हा विषय ठेवला ती आधी ऐकून घ्या.

टपाल खात्यातील आमचे एक सहकारी मेल मोटारीवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या रकमेतून काही भाग आणि पतपेढीचे कर्ज मिळून त्यांनी मुलासाठी एक जुनी डिझेल जीप घेतली. मुलगा बाजारगावाहून आजूबाजूच्या खेड्यांत प्रवासी नेतो. गाणी असलेल्या गाडीत माणसे आधी बसतात, हे त्याचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. म्हणून त्याने शहरातल्या एका दुकानातून अॅम्प्लिफायर आणि बेसचा मोठा खोका बसवून घेतला. चार महिन्यांनी एका लग्नाच्या रात्री जीप उभी असताना बॉनेटमधून धूर येऊ लागला. पोराने बॉनेट उघडले आणि लाल झालेली तार उघड्या हाताने टर्मिनलवरून ओढून काढली. जीप वाचली. उजव्या हाताची तीन बोटे अजून पूर्ण मिटत नाहीत. कर्जाचे हप्ते मात्र वेळेवर जात आहेत.

दुसऱ्या दिवशी ते सहकारी आमच्याकडे आले, कारण आम्ही चाकावर चालणाऱ्या यंत्रातून वीज काढून बॅटरी भरण्याचे काम आयुष्यभर करत आलो आहोत. जीप आम्ही रेस्टच्या दिवशी पाहिली. त्यात आम्हाला जे दिसले, आणि आमच्याकडूनही जी चूक झाली, ते सांगण्यासाठी उभे आहोत.

आपल्यात आर.एम.एस.मध्ये काम केलेले जुने सॉर्टर बसले आहेत. त्यांना एक आठवण विचारतो. रात्री गाडी आऊटरला थांबली, अर्धा तास हलली नाही, की डब्यातले दिवे पिवळे व्हायला लागत आणि पत्ता वाचताना पाकीट डोळ्यांजवळ न्यावे लागे. गाडी निघाली, वेग धरला, की दिवे पुन्हा उजळत. हे सगळ्यांनी पाहिले आहे. आता रस्त्यावर एखादी मोटार पाहा. आत जोरात गाणे लागले आहे, आणि बेसच्या प्रत्येक ठोक्याला तिचे हेडलाईट मिचमिचत आहेत. ही दोन दृश्ये एकाच दुखण्याची आहेत. लोड आहे, पण त्या क्षणी तेवढी वीज तयार होत नाही, आणि तूट बॅटरी भरून काढते आहे. तिला ते झेपत नाही तेव्हा व्होल्टेज खाली येते.

बॅटरीला पुष्कळ लोक वीज बनवण्याचे यंत्र समजतात. ती पतपेढीतली ठेव आहे. पगार अल्टरनेटर आणतो. इंजिन चालू असताना गाडीचे दिवे, पंखे, स्टिरिओ हे सगळे पगारातून चालायचे असते, आणि उरलेले ठेवीत टाकायचे असते. निरोगी बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून शांत पडली असेल तर मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर त्याच टर्मिनलवर १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसले पाहिजे. इंजिन चालू, आणि तरी मीटर १२.६ च्या खाली? मग समजावे की घर ठेवीवर चालले आहे. ही तपासणी साध्या मल्टिमीटरने दोन मिनिटांत होते. स्टिरिओच्या दुकानात ती करून मगच अॅम्प्लिफायर बसवला जातो असे आम्ही अजून पाहिलेले नाही.

रेल्वेला हा धडा फार आधी शिकावा लागला. जुन्या डब्यांत २४ व्होल्टची व्यवस्था होती. अॅक्सलवरून पट्ट्याने फिरणारा डायनामो, बॅटरी आणि मोजके दिवे. पुढे दिवे वाढले, पंखे वाढले. २४ व्होल्टवर एक किलोवॅट लोड घ्यायचा तर ४० अँपिअरपेक्षा जास्त करंट लागतो. ११० व्होल्टवर तेच काम ९ अँपिअरच्या आसपास होते. तारेत जी उष्णता वाया जाते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे करंट दुप्पट तर नुकसान चौपट. म्हणून रेल्वे ११० व्होल्टवर गेली, ब्रश असलेला डायनामो जाऊन साडेचार किलोवॅटचा ब्रशविना अल्टरनेटर आला, आणि त्याच्या जोडीला रेक्टिफायर-रेग्युलेटर. वातानुकूलित डब्यांना तर २५ किलोवॅटचे अल्टरनेटर लावावे लागले. कोणीही असे म्हटले नाही की एसी डब्यात लावू, डायनामो जुनाच राहू द्या आणि बॅटरीचे दोन सेल वाढवा.

मोटारीत अडचण ही आहे की तिथे व्होल्टेज बाराच आहे. वाढवता येत नाही. म्हणून मोटारीत एक किलोवॅट म्हणजे ७० ते ८० अँपिअर. घरी गिझर चालतो त्याच्या कितीतरी पट करंट एका गाण्याच्या खोक्याला. सगळी पुढची कथा या एका आकड्यातून निघते.

आता जीपकडे येतो. अॅम्प्लिफायरच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत २,००० वॅट लिहिलेले होते. असले आकडे वाचून कोणी हिशेब करू नये. टेपरेकॉर्डरच्या काळी पी.एम.पी.ओ. म्हणून जो फुगवलेला आकडा छापत, त्याचीच ही भावंडे. खरा आकडा शोधायचा तर अॅम्प्लिफायर उलटा करावा आणि त्याचे फ्यूज वाचावेत. याला ४० अँपिअरचे दोन फ्यूज होते. म्हणजे जास्तीत जास्त ८० अँपिअर, १३.८ व्होल्टने गुणले तर ११०० वॅट आत जाणार. जुन्या धाटणीचा, ज्याला एबी वर्ग म्हणतात तसला अॅम्प्लिफायर आत गेलेल्या विजेतला बराच हिस्सा उष्णता म्हणून घालवतो. स्पीकरला जेमतेम सहाशे वॅट मिळतात. नव्या डी वर्गाच्या अॅम्प्लिफायरला तेवढ्याच आवाजासाठी पुष्कळ कमी करंट पुरतो. हे लक्षात ठेवा, कारण लोड कमी करणे हा सर्वांत स्वस्त अल्टरनेटर आहे. आपल्या डब्यांत पिवळे दिवे जाऊन ट्यूब आल्या, ट्यूब जाऊन एलईडी आले, त्यामुळे आपल्या बॅटऱ्यांचा किती जीव वाचला ते टीएलच्या माणसाला विचारा.

जीपच्या अल्टरनेटरच्या नावपट्टीवर ७५ अँपिअर होते. पोरगा म्हणाला, "काका, ७५ आहे, ८० लागते, थोडक्यात तर आहे." ही समजूत आमच्या नव्या भरतीच्या पोरांचीही असते. नावपट्टीवरचा आकडा हा अल्टरनेटर मिनिटाला सुमारे ६,००० फेऱ्या घेत असतानाचा असतो. इंजिन जागेवर नुसते घुरघुरत असेल तेव्हा ते मिनिटाला ८०० च्या आसपास फिरते. पुलीच्या गुणोत्तरामुळे अल्टरनेटर त्याच्या अडीच-तीन पट फिरतो, म्हणजे दोन-सव्वादोन हजार. तेवढ्या फेऱ्यांत निम्मा करंट मिळाला तरी पुष्कळ. त्यात बॉनेटखालच्या उष्णतेने आणखी थोडा कमी. आम्ही डीसी टाँग टेस्टर लावून मोजले. जागेवरच्या इंजिनावर ४० अँपिअर, त्यापुढे काटा जाईना.

आणि ही जीप कशी चालते? स्टँडवर उभी राहते. सीटा भरेपर्यंत गाणे चालू, संध्याकाळी दिवे चालू, इंजिन घुरघुरत. मग सहा-सात किलोमीटर जाते आणि पुन्हा उभी. म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी पॅसेंजर गाडी. टीएलच्या लोकांना माहीत आहे की मेलच्या रेकची बॅटरी भरलेली येते आणि पॅसेंजरच्या रेकची रिकामी, डबे तेच असले तरी. अल्टरनेटर किती मोठा हे नंतर. तो दिवसातून किती वेळ खऱ्या वेगाने फिरतो हे आधी विचारायचे असते.

आता आमची चूक सांगतो. जळालेली तार काढून टाकली, तात्पुरती बरी तार टाकली, आणि बॅटरी उतरते म्हणून आम्ही दुसरी बॅटरी बसवून दिली. ८० अँपिअर-अवरची आधीची होती, तशीच दुसरी शेजारी जोडली. हेडलाईटचे मिचमिचणे थांबले. चहा झाला, पाठीवर थाप मिळाली. सोळाव्या दिवशी पोराचा निरोप: "काका, दोन्ही उतरल्या. ढकलून चालू केली."

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो, जे पहिल्या दिवशी करायला हवे होते. उभ्या जीपमध्ये अल्टरनेटरचे ४० अँपिअर. दिवे, पंखा आणि इंजिनाची स्वतःची यंत्रणा यांचा लोड २५. अॅम्प्लिफायर ठोक्याला ८० कडे झेपावतो, पण गाण्यात ठोक्यांच्या मध्ये जागा असते. सरासरी ३० भरली. पंचवीस आणि तीस पंचावन्न, जमा चाळीस, तूट १५. दिवसभरात उभे राहण्याचे दोन तास धरले तर ३० अँपिअर-अवर बॅटरीतून गेले. धावण्याचा वेळ जेमतेम एक तास, त्यात २० परत आले. रोज १० ची तूट. ८० ची बॅटरी आठवड्याभरात बसणार, आणि दोन असल्या तर दोन आठवड्यांत. आम्ही दुसरी बॅटरी देऊन आजार बरा केला नव्हता, तारीख पुढे ढकलली होती. शिवाय आता त्याच दमलेल्या अल्टरनेटरला दोन बॅटऱ्या भरायच्या होत्या, त्यामुळे तो सतत पूर्ण लोडवर राहून तापत होता. बॅटरीला तर याहून वाईट. शिसे-आम्लाची बॅटरी अर्धवट रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि तिची धारणक्षमता कायमची घटते. ढकलस्टार्टच्या दिवशी हायड्रोमीटर टाकला तेव्हा नव्या बॅटरीचे सेलसुद्धा बुडाशी आले होते.

पतपेढीचे कर्ज असलेल्या माणसाच्या पैशाने आम्ही हा प्रयोग केला, याची आम्हाला लाज वाटते. म्हणूनच तो येथे उघड सांगत आहोत.

दुकानदाराने आणखी एक वस्तू लावली होती: चकचकीत निळा कपॅसिटर, एक फॅरडचा. पोराला सांगितले होते की याने बॅटरीवरचा ताण जातो. याचाही हिशेब करू. कपॅसिटरमधली साठवण ही फॅरडच्या निम्मे गुणिले व्होल्टचा वर्ग. १४ व्होल्टवरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना एक फॅरड देतो सगळे मिळून २६ ज्यूल. हजार वॅटच्या लोडला ते पुरतात सेकंदाच्या चाळिसाव्या भागाला. डोळ्याची पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. दिव्यांचे मिचमिचणे किंचित सौम्य होईल, पण तो वीज तयार करत नाही, आणि त्यालाही पुन्हा भरावे त्याच अल्टरनेटरने. खिशातली सुटी नाणी म्हणा. आम्ही तो काढून परत दिला.

आता तारेकडे, कारण बोटे तारेने भाजली.

बॅटरीपासून मागच्या खोक्यापर्यंत पाच मीटर तार होती. बाहेरून अंगठ्याएवढी जाड. कापून पाहिली तर जाडी सगळी रबराची, आत सहा चौरस मिलीमीटरच्या आसपास धातू, आणि तोही तांबे नव्हे, तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम. तारेच्या टोकाला चाकूने खरवडले की पांढरा रंग दिसतो, एवढीच परीक्षा. असल्या तारेचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. पूर्ण ८० अँपिअर गेले तर या पाच मीटरमध्ये पावणेदोन व्होल्टहून अधिक वाटेतच संपतात आणि जवळजवळ दीडशे वॅट उष्णता सतरंजीखाली कोंडून राहते. शुद्ध तांब्याची ३५ चौरस मिलीमीटरची तार टाकली तर घट पाव व्होल्टच्याही आत आणि उष्णता १६ वॅट. फरक पाहा. कितीतरी वेळा लोकांना मोठा अॅम्प्लिफायर हवा असतो आणि खरे तर हवी असते जाड तार.

पण धूर निघाला तो याच्याही आधीच्या कारणाने. इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्याला भोक पाडून तार नेली होती आणि भोकाला रबरी बूच नव्हते. चार महिने खडबडीत रस्त्यावर तार पत्र्याच्या धारेवर घासत राहिली. आवरण कापले, तार बॉडीला टेकली. बॉडी म्हणजे ऋण टर्मिनल. फ्यूज होता, पण मागे, अॅम्प्लिफायरच्या शेजारी. शॉर्ट झाला तो फ्यूजच्या अलीकडे. मग बॅटरीने शेकड्यांनी अँपिअर त्या तारेत ओतले आणि अडवायला मध्ये कोणी नव्हते. मुख्य फ्यूज हा अॅम्प्लिफायर वाचवण्यासाठी नसतो, तार वाचवण्यासाठी असतो. म्हणून त्याची जागा बॅटरीजवळ, टर्मिनलपासून दीड फुटाच्या आत. त्याचा आकडा तारेच्या क्षमतेहून मोठा असता कामा नये. दुसरी बॅटरी मागे ठेवली असेल तर मधल्या तारेला दोन्ही टोकांना फ्यूज, कारण त्या तारेला दोन्ही बाजूंनी वीज मिळते. बंधूंनो, आमच्या डब्याच्या बॅटरी बॉक्सजवळ फ्यूज का असतो हे आम्ही तीस वर्षे जाणतो. दुकानात चार तासांत गाडी देणाऱ्या पोराला ते कोणी शिकवलेले नसते. त्यालाही आम्ही फार दोष देत नाही. त्याला दिवसाला किती गाड्या पाडाव्या लागतात ते आम्ही पाहिले.

मग आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी गाडीच्या मूळच्या तीन तारा जाड केल्या. अल्टरनेटरपासून बॅटरीच्या धन टर्मिनलपर्यंतची, बॅटरीच्या ऋण टर्मिनलपासून बॉडीपर्यंतची, आणि इंजिनपासून बॉडीपर्यंतची अर्थची. कारखान्यातून या तारा मूळच्या लोडापुरत्या येतात. शेवटची अर्थची वेणी तर या जीपमध्ये हिरवी पडून निम्मी तुटलेली होती. स्टिरिओत इंजिनाबरोबर चढणारा-उतरणारा जो शिट्टीसारखा आवाज पोराला छळत होता, तो या एका अर्थने बराचसा गेला. जोडाखालचा रंग पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून उघडा पत्रा काढायचा, लग नीट क्रिंप करायचा, घट्ट आवळायचा, वरून ग्रीस लावायचे. रंगावर बोल्ट मारून अर्थ होत नाही, हे इथे सांगायची गरज नसावी, पण आम्ही ते याच जीपमध्ये पाहिले आहे.

मग अल्टरनेटर. १२० अँपिअरचा घेतला, पण विकत घेताना नावपट्टी न पाहता जागेवरच्या इंजिनावर किती देतो हे विचारले, आणि बसवून मोजले: ६५. आता पासष्टातून पंचावन्न गेले, दहा शिल्लक. उभी जीपसुद्धा बॅटरी भरू लागली. छोटी पुली लावून अल्टरनेटर जास्त फिरवा, असा सल्ला आम्हाला एकाने दिला होता. तो मार्ग आहे, पण पुली छोटी झाली की पट्ट्याची पकड कमी होते आणि हायवेवर अल्टरनेटर मर्यादेबाहेर फिरू शकतो. आम्ही नाही म्हटले.

पट्ट्याबद्दल थोडे थांबून बोलावे लागेल, कारण टीएलच्या माणसाच्या आयुष्यातली निम्मी रडगाणी पट्ट्याची. १२० अँपिअर म्हणजे १४ व्होल्टवर जवळपास १,७०० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता पाहता त्यासाठी इंजिनाने तीन किलोवॅट, म्हणजे चार हॉर्सपॉवर पट्ट्यातून द्यावे लागतात. वीज फुकट नाही. आवाज डिझेलवरच चालतो. जुना काचेसारखा गुळगुळीत झालेला पट्टा हे ओढू शकत नाही, घसरतो, किंचाळतो, तापतो. सैल ठेवला तर घसरेल, फार आवळला तर बेअरिंग जाईल. नवीन पट्टा टाकला, आठ दिवसांनी पुन्हा आवळला, कारण नवा पट्टा ताणतो. पिट लाईनवर हेच शिकलो होतो.

दुसरी बॅटरी आम्ही काढून टाकली. ती आमच्याकडेच आहे, सेल किती सुधारतात ते पाहतो आहोत. ज्याला इंजिन बंद ठेवून गाणी लावायचीच आहेत त्याला दुसरी बॅटरी उपयोगी, हे खरे. तेव्हा ती पहिल्याच जातीची आणि वयाची असावी, आणि इंजिन बंद झाल्यावर स्टार्टरची बॅटरी आपोआप वेगळी करणारा रिले मध्ये असावा, म्हणजे गाण्याने गाडी ढकलायची पाळी येत नाही. पाणी घालायची साधी बॅटरी मात्र बैठकीच्या भागात ठेवू नये. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. डब्याचा बॅटरी बॉक्स बाहेर, खाली आणि हवेशीर का असतो, याचे हे उत्तर.

नव्या गाड्यांबद्दल एक सूचना. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज संगणक ठरवतो. इंधन वाचवण्यासाठी तो मधूनमधून चार्जिंग मुद्दाम कमी करतो, आणि बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर करंट मोजणारा छोटा सेन्सर असतो. अशा गाडीत अॅम्प्लिफायरची अर्थ थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर जोडली तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि हिशेब चुकतो. अर्थ सेन्सरच्या पलीकडे, बॉडीवर घ्यावी. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर आधी कागद वाचावेत. आणि कोणत्याही गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून "अल्टरनेटर चालतो का" हे पाहण्याची जी जुनी खोड आहे ती सोडा. एका क्षणात व्होल्टेज उसळते आणि डायोड जातात, नव्या गाडीत संगणकही.

काल रात्री जेवताना एका मित्राने विचारले, गणपतीत आणि वरातीत ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर वाजतात ते कोणत्या अल्टरनेटरवर? कोणत्याच नाही. त्यांच्या मागे वेगळा जनरेटर असतो. डब्याखालच्या अल्टरनेटरने भागेना तेव्हा राजधानीसारख्या गाड्यांना स्वतंत्र पॉवर कार जोडली, तीच गोष्ट. आता एलएचबीच्या रेकना इंजिनातूनच वीज देण्याची पद्धत आली आहे आणि पॉवर कारचे डिझेल वाचते आहे. त्या कामातल्या माणसांचे पुढे काय, तो प्रश्न दुपारच्या सत्रात आहे, येथे बोलत नाही. एवढेच म्हणतो की जीपच्या इंजिनावर वरातीचा आवाज मागू नये. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे हेही पोराला सांगितले. त्यावर तो काही बोलला नाही.

कानाबद्दल मात्र आमच्यातल्या ज्यांनी पॉवर कारमध्ये ड्यूटी केली त्यांचे ऐका. ८५ डेसिबलच्या वर आठ तास गेले की कानाला धोका सुरू होतो, आणि दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. आमच्यातले दोघे आज पहिल्या रांगेत बसले आहेत ते मानाची जागा म्हणून नव्हे.

जीप आता दहा महिने चालली आहे. बॅटरी तीच पहिली. परवा रात्री दिवे, पंखा, गाणे सगळे लावून जागेवरच्या इंजिनावर मोजले, १३.७ व्होल्ट. बापाने आवाजाचे बटण अर्ध्यावर खूण करून ठेवले आहे. पोरगा त्याच्या पुढे जातो असा आम्हाला संशय आहे.

आज तो जीप घेऊन आला आहे, बाहेर चिंचेखाली उभी आहे. मल्टिमीटर आणि टाँग टेस्टर आम्ही बरोबर आणले आहेत. चहाच्या सुट्टीत ज्यांना आपल्या गाडीचे व्होल्टेज पाहायचे आहे त्यांनी बॉनेट उघडून रांगेत लावावी. नवे पोरगे मीटर धरतील, आम्ही बाजूला उभे राहू.